मांजर गेल्यानंतर: पहिल्या तासापासून पोळ्यापर्यंत

घरातलं मांजर गेलं की त्या दिवशी डोकं चालत नाही, आणि नेमकी त्याच दिवशी काही कामं अशी येतात की ती पुढे ढकलता येत नाहीत. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा देह घरात ठेवायला फार वेळच मिळत नाही. पंजाचा ठसा, चिमूटभर केस यांसारख्या गोष्टीही त्याच काही तासांत घेता येतात, नंतर कधीच नाही. म्हणून हा लेख कामांच्या क्रमाने लिहिला आहे. आधी देह, मग घर, मग आठवण.

आठवणीच्या भागावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. लोक एक फोटो स्टेटसला टाकतात, तो चोवीस तासांनी निघून जातो आणि वर्षाने कोणी विचारलं तर "फार गोड होती हो" एवढंच तोंडात येतं. गोड तर सगळ्यांचीच असते. तुमची चोरटी होती का, भित्री होती का, कोणत्या कुशीवर झोपायची, हे टिकवायचं असेल तर त्यासाठी थोडी मेहनत करावी लागते.

पहिले दोन-तीन तास

आधी खात्री करा. मेलेल्या मांजराचे डोळे आपोआप मिटत नाहीत. त्यामुळे ते बघतंय असं वाटत राहतं आणि माणूस उगाच आशेला लागतो. डाव्या पुढच्या पायाच्या कोपराजवळ छातीवर बोटं टेकवून पाचेक मिनिटं ठोका लागतो का ते बघा. कापसाचं टोक बुबुळाला अलगद लावा. जीव असेल तर पापणी हलते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गारठलेलं लहान पिल्लू मेल्यासारखं पडून राहतं, त्याला आधी उबेत घेऊन डॉक्टरांकडे पळा. शंका राहिली तर मोठ्या मांजरालाही दाखवून आणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

हातमोजे घाला. मांजराला अलीकडे कुत्रं चावलं असेल, ते अचानक अंगावर धावून जायला लागलं असेल, लाळ गळत असेल, चाल बिघडली असेल, तर रेबीजची शक्यता धरायची. अशा वेळी उघड्या हाताने मुळीच शिवू नका आणि डॉक्टरांना आधी फोन करा. घरात कोणाला चावलं किंवा ओरबाडलं असेल तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी मेयो, मेडिकल या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची. रडणं त्यानंतर.

देह साधारण तीन तासांनी आखडायला लागतो, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर. त्याआधी पाय पोटाशी घेऊन, शेपटी अंगाभोवती वळवून, झोपेत असते तशी तिला निजवा. खाली प्लास्टिक, त्यावर वर्तमानपत्र आणि जुना टॉवेल हवा, कारण थोडी लघवी-शी बाहेर येते. ते नैसर्गिक आहे, घाबरू नका. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्या. मग जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा गुंडाळा. रात्र काढायची असेल तर एसीची खोली उत्तम. एसी नसेल तर बर्फ पिशव्यांत भरून पोटाच्या दोन्ही बाजूंना लावा. कूलरसमोर ठेवू नका, त्या दमट हवेने काम बिघडतं.

धडधाकट मांजर अचानक गेलं असेल आणि घरात आणखी मांजरं असतील, तर शवविच्छेदनाचा विचार जरूर करा. सेमिनरी हिल्सचं नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे. तिथे किंवा तुमच्या डॉक्टरांमार्फत चौकशी करता येते. त्यासाठी देह फ्रीझरमध्ये गोठवायचा नाही, फक्त थंड ठेवायचा. गोठलं की आतल्या पेशी फाटतात आणि तपासणीत नीट काही सापडत नाही.

ठसा आणि केस

हे काम ज्याचा हात थरथरत नाही त्याला द्या. केस घ्यायचे तर मानेमागचे किंवा शेपटीच्या बुडाजवळचे घ्या, तिथे ते लांब आणि मऊ असतात. पट्टेरी मांजर असेल तर गडद आणि फिक्या अशा दोन्ही पट्ट्यांतले थोडे थोडे घ्या. कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पुडीत पावसाळ्यात ओल धरते आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत बुरशी हाती लागते. पाकिटावर नाव आणि तारीख पेनाने लिहा. आज हे मूर्खपणाचं वाटेल, पण घरात तीन मांजरं होऊन गेली की कोणाचे केस कोणते ते कळत नाही.

ठशाची सोपी रीत म्हणजे शाईचं स्टॅम्पपॅड. पंजाच्या गाद्यांवर शाई लावायची, जाड कागदाखाली पुस्तक ठेवून कागद पंजाला टेकवायचा आणि सरळ वर उचलायचा. पंजा कागदावर दाबायला गेलात तर ठसा फाकतो. चार-पाच ठसे घ्या, त्यातला एखादाच चांगला येतो. नंतर शाई पुसून टाका.

दुसरी रीत मातीची. शाडूचा बोटभर जाड थर ताटलीत पसरवा, त्यात पंजा हलकेच दाबा आणि काढून घ्या. हा झाला साचा. त्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिसला एक वाटी पाणी या मापाने कालवून ओता आणि तासभर हात लावू नका. माती धुतली की पंजा उभा राहतो. माती महाल भागातल्या चितारओळीत मिळेल. तिथल्या मूर्तिकारांच्या हाताखालून दरवर्षी गणपती आणि देवी घडतात. कणकेचा ठसा घ्यायला कोणी सुचवलं तर नको म्हणा. आपल्याकडे मुंग्या आधी पोहोचतात.

माती द्यायची तर कुठे

स्वतःचं अंगण असेल तर प्रश्न मिटला. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारा, सोसायटीची बाग असेल तर सेक्रेटरीला. नाही तर हिंगण्याकडे, कळमेश्वरकडे, उमरेड रोडला कोणाचं तरी शेत असतंच. नात्यातल्या माणसाला संकोच न करता फोन लावा. सेमिनरी हिल्स आणि गोरेवाडा ही वनखात्याची जमीन आहे, तिथे रात्री जाऊन खड्डा करायचा नाही. फुटाळा, अंबाझरी, नाग नदी यांत पोतं सोडणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून ते नको. जागाच नसेल तर महापालिकेच्या दहा झोनपैकी तुमच्या झोनच्या कार्यालयात मृत जनावर उचलण्याची सोय विचारा. दहनाची सोय सध्या कुठे आहे, हे तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असतं.

खड्डा तीन ते चार फूट खोल हवा. आता आपल्या काळ्या मातीचं सांगतो. उन्हाळ्यात ती दगडासारखी होते आणि फुटभर खोल भेगा पडतात, पावसाळ्यात फुगते आणि खड्ड्यात पाणी साचतं. मे महिन्यात खणायचं असेल तर जागेवर आधी दोन बादल्या पाणी सोडा, तासाभराने सब्बल लावा. वरची वीतभर माती निघाली की पुढे फावडं चालतं. पावसाळ्यात उंचवट्यावरची जागा बघा. विहीर, बोअरवेल आणि पाण्याच्या पाइपपासून शक्य तितकं लांब राहा.

फक्त सुती कापडात ठेवा. प्लास्टिक नको, नायलॉनची ओढणी नको, पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कलही काढा. घुंगरू काढून ठेवा, ते पुढे कामाला येतं. मीठ टाकायची पद्धत बऱ्याच घरांत आहे; टाकायचं तर मूठभर पुरे, पोतंभर टाकलं तर त्या जागी झाड जगत नाही. माती भरून झाली की वर मुरुमाचा थर द्या आणि एखादी फरशी किंवा मोठे दगड ठेवा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की वास वर येतो आणि गल्लीतली कुत्री उकरतात. फरशीचा खर्च त्यापुढे काहीच नाही. जागा थोडी उंच ठेवा, पहिल्या पावसात ती खचतेच.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं असेल तर खोलीबद्दल आणखी कडक राहा. ते औषध देहात उरतं आणि उकरून खाणारं कुत्रं त्याने मरू शकतं.

सुतक, तेरावं यांबद्दल घरात वाद होतात. मला वाटतं, ज्याला दिवा लावावासा वाटतो त्याने लावावा आणि बाकीच्यांनी गप्प बसावं. मांजर अशुभ म्हणून आजी नाक मुरडत असेल तर तिला आठवण करून द्या की बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते, त्या षष्ठीचं वाहन मांजरच मानतात.

घर आवरणं

जेवणाची वाटी आणि अंथरूण लगेच फेकून देणारे असतात, वर्षभर जागचं न हलवणारेही असतात. यात बरोबर-चूक काही नाही. पण मांजर संसर्गाने गेलं असेल, विशेषतः पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराने, तर मात्र भावनेला बाजूला ठेवायचं. हा विषाणू घरात वर्षभर तग धरतो. मातीची भांडी, अंथरूण, खरडायची दोरी टाकून द्या. स्टीलची भांडी आणि फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि बत्तीस भाग पाणी असं द्रावण दहा मिनिटं ठेवून पुसा. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. काळं फिनाइल वापरायचं नाही, मागे राहिलेल्या मांजरांना ते बाधतं.

उरलेली औषधं दुसऱ्या मांजराला "थोडी तब्येत नरम आहे" म्हणून देऊ नका. लसीचं पुस्तक आणि रिपोर्ट मात्र जपून ठेवा, त्यांत तुम्हाला हव्या असलेल्या सगळ्या तारखा असतात.

दुसरं मांजर असेल तर ते शोधत फिरेल, रात्री ओरडेल, किंवा काहीच न झाल्यासारखं दुप्पट झोपेल. त्याची जेवणाची वेळ आणि जागा बदलू नका. दीड-दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांकडे न्या. जाड्या मांजराचं उपाशी राहणं तर थेट यकृतावर येतं.

लोक आणि लेकरं

लहान मुलांना "झोपली", "देवाघरी फिरायला गेली", "शेतावर सोडली" असं सांगू नका. झोपली म्हटलं की पोरगं रात्री झोपायला घाबरतं, शेतावर म्हटलं की दर रविवारी शेतावर न्या म्हणतं. मेली म्हणजे तिचं शरीर थांबलं, आता तिला भूक लागत नाही, दुखत नाही आणि ती परत येणार नाही, इतकं साध्या शब्दांत सांगा. पाचेक वर्षांखालचं मूल दोन दिवसांनी पुन्हा विचारेल, "चिंगी कधी येईल?" पुन्हा तेच सांगा. चिडू नका. पुरताना त्याला थांबायचं असेल तर थांबू द्या, मूठभर माती टाकू द्या.

मोठ्यांचं अवघड असतं. शेजारच्या काकू दारातूनच म्हणतात, "काऊन रडून राह्यली वं, मांजरच तर होती ना!" त्यांच्या मनात वाईट काही नसतं. अशा वेळी वाद घालायची ताकद नसेल तर "हो काकू, पण बरीच वर्षं घरात होती" म्हणून विषय संपवा. ऑफिसात खरं कारण सांगायला जड जात असेल तर घरात दुःखद प्रसंग झाला म्हणा आणि एक दिवस घ्या. खोटं काही नाही त्यात. झोप उडाली, जेवण जात नाही, आठवडे गेले तरी काम सुचत नाही, असं झालं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं. मांजरासाठी फोन केला म्हणून तिथे कोणी हसत नाही.

"आधी न्यायला हवं होतं"

हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात फिरतं, म्हणून थोडी माहिती. मांजर दुखणं लपवतं. म्हातारपणी किडनी निकामी होत जाते, पण तिचं दोन-तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. तुम्हाला जे दिसलं ते शेवटच्या टप्प्यातलंच होतं. बोक्याची लघवी अडकली तर दोन-तीन दिवसांत खेळ संपतो, आणि त्या दिवसांत तो फक्त वाळूत जाऊन बसतो. बद्धकोष्ठ वाटावं असंच ते दिसतं. तापासाठी पॅरासिटामॉल दिलं गेलं असेल, तर ते मांजराच्या शरीरात पचत नाही आणि विष होतं. हे बहुतेकांना माहीत नसतं आणि गोळीच्या पाकिटावरही लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट उपयोगी पडते. दोन-तीन आठवडे गेले की फाइल घेऊन डॉक्टरांकडे जा, फी भरून, वेळ घेऊन. काय झालं होतं, कधीपासून असावं आणि दुसऱ्या मांजराबाबत मी काय बघू, हे तीन प्रश्न कागदावर लिहून न्या. रडत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं त्या दिवशी डोक्यात शिरलेली नसतात. काही चूक खरंच निघाली, समजा गॅलरीला जाळी नव्हती, तर जाळी लावून घ्या.

वही

आता मुख्य काम. दोनशे पानी वही घ्या. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वही घरात फिरते आणि इतरही त्यात लिहितात. सुरुवात लवकर करा. बारीक गोष्टी आधी पुसल्या जातात: कोणता पंजा, कोणता कान, कोणती पायरी.

"चिंगीस" म्हणून पत्र लिहायला बसू नका, त्यात दोन परिच्छेदांत अलंकार सुरू होतात. नोंदी करा. आमच्या मांजरीच्या, चिंगीच्या, वहीतल्या दोन देतो, म्हणजे अंदाज येईल. "उन्हाळ्यात कूलरच्या टाकीवर बसायची आणि ताटीतून ठिबकणारं पाणी पंजाने पकडायला जायची. डाव्या पंजाने. पंजा ओला झाला की तो झटकून आमच्याकडेच रागाने बघायची." "संत्रं सोललं की नाक आक्रसून खोलीबाहेर. जानेवारीत टोपली घरात आली की हॉलमध्ये पायच ठेवत नसे."

सुचत नसेल तर हे प्रश्न घ्या. सकाळी पहिली कोणाकडे जायची? दाराशी कोणाच्या गाडीचा आवाज ओळखायची? ऋतूप्रमाणे झोपायच्या जागा कोणत्या? घराचा साधा नकाशा काढून त्यावर खुणा करा. मे महिन्यातली जागा आणि डिसेंबरमधली जागा यांत किती अंतर पडतं ते बघून गंमत वाटते. काय चोरलं? कशाला घाबरायची: कुकरची शिट्टी, फटाके, भंगारवाल्याचा भोंगा? डॉक्टरांच्या टेबलावर कशी वागायची? अंगावर खुणा कोणत्या आणि त्या कशा झाल्या?

तिचे दुर्गुण जरूर लिहा. सोफ्याचा हात उसवला, सायीचं पातेलं उघडलं, पाहुण्यांच्या चपलेत घाण केली. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये हा नियम माणसांसाठी ठीक आहे. मांजराच्या बाबतीत तो पाळला तर हाती काहीच उरत नाही. तुम्हाला आठवतंय ते मांजर सोफा उसवणारंच होतं.

मग गल्लीत जा. मांजराचं आयुष्य आपल्याला ठाऊक असतं त्याहून मोठं असतं. दूधवाला, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, चौकीदार भाऊ, मागच्या वाड्यातली आजी, सगळ्यांना विचारा. चिंगी आमच्याकडे चिंगी होती, मागच्या घरी राणी आणि चौकीदाराकडे "ओ मॅडम". दुपारची ती राणीच्या घरी भात-मासळी जेवायची, आणि आम्ही इकडे तिची भूक का कमी झाली म्हणून काळजी करत होतो. ही माहिती पुरायच्या दिवशी कोणी देत नाही, आठवडाभराने चहा घेताना निघते. तीही वहीत, सांगणाऱ्याच्या शब्दांत.

फोटो आणि आवाज

सगळे फोटो एका फोनवर असतील तर आजच दुसरीकडे टाका. नातेवाइकांकडचे मागवताना व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट म्हणून पाठव" असं सांगा, साधा पाठवला की फोटो दाबला जातो. चुकून काही खोडलं गेलं असेल तर गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो. सकाळी सकाळी फोन आपणहून तिचा जुना फोटो समोर आणून पाडतो, ते सोसवत नसेल तर त्याच ॲपमधल्या मेमरीजच्या सेटिंगमध्ये ठरावीक तारखा लपवता येतात.

छापायला फोटो निवडताना सगळे समोरून घेतलेले चेहरे घेऊ नका. एक पाठमोरा, खिडकीतला. एक झोपलेला. एक पंजाच्या गाद्यांचा. आणि एक घरच्या माणसाच्या हातात असलेला, म्हणजे ती केवढी होती ते कळतं. एकट्या मांजराच्या फोटोत आकार हरवतो. ४ × ६ इंचाच्या प्रिंटला १२०० × १८०० पिक्सेल लागतात. फ्रेम करणाऱ्या भाऊंना माउंट घालायला सांगा, काचेला थेट चिकटलेला फोटो पावसाळ्यात काचेलाच धरतो. ज्या भिंतीवर दुपारचं ऊन येतं तिथे टांगू नका, आपल्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तांबड्या मांजराचं पिवळं होतं.

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. सगळे व्हिडिओ एकदा डोळे मिटून ऐका. मागे कुठेतरी तिचं म्याव असतं, वाटीवर जीभ लागल्याचा आवाज असतो, घुंगरू असतं. मांजराची घरघर साधारण २५ ते १५० हर्ट्झ इतकी खालची असते आणि फोनचा स्पीकर त्यातला तळ वाजवतच नाही. चांगला हेडफोन लावा, म्हणजे "यात काहीच नाही" म्हणून टाकून दिलेल्या व्हिडिओतही ती सापडते. तेवढे तुकडे वेगळे काढून एका फोल्डरमध्ये ठेवा.

जे परतच आलं नाही

काही मांजरं मरत नाहीत, जातात. आधी शोध नीट घ्या. घरात वाढलेलं मांजर बहुतेक वेळा दोन-चार घरांच्या आतच लपलेलं असतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. मध्यरात्रीनंतर रहदारी थांबली की टॉर्च घेऊन निघा, डोळे चमकतात. गाड्यांखाली, जिन्याखाली, गच्चीवरच्या टाक्यांमागे, बंद घरांत आणि दुकानांच्या गोदामांत बघा, चावी असलेल्या माणसाला गाठा. झाडू मारणाऱ्या सफाई कामगारांना फोटो दाखवा; मेलेलं मांजर सगळ्यांत आधी त्यांना दिसतं.

महिने उलटले आणि काहीच कळलं नाही, तर घरच्यांनी बसून एक दिवस ठरवावा आणि वहीत तो लिहावा. नाही तर प्रत्येक म्यावला दार उघडणं वर्षानुवर्षं चालू राहतं. दिवस ठरवला म्हणून आशा सोडलीच पाहिजे असं नाही, पण वाटी रोज भरून ठेवायचं थांबतं.

कायमची खूण

झाड लावायचं असेल तर खड्ड्याच्या नेमकं वर नको, दीड-दोन फूट बाजूला लावा. मोगरा आणि जास्वंद मांजराला बाधत नाहीत. लिली मात्र नाहीच. तिचे परागकण चाटले तरी मांजराची किडनी जाते. कण्हेरही नको. दहनाची राख मूठ-दोन मुठीच असते, पण क्षारांनी भरलेली असते. ती एकदम रोपाच्या मुळाशी ओतू नका, भरपूर मातीत मिसळा.

मातीची छोटी मूर्ती करून घ्यायची असेल तर चितारओळीत गणपती आणि नवरात्राची घाई सरल्यावर जा. सोबत एकच फोटो नको, दोन्ही बाजूंचे आणि मागचा असे घेऊन जा, आणि "मांजर करा" म्हणण्याऐवजी ती कशी बसायची ते सांगा. शेपटी पायांवर की मागे, कान पुढे की आडवे. तेवढं जमलं की चेहरा थोडा चुकला तरी ओळख पटते.

पैसे खर्च करायची इच्छा असेल तर गल्लीतल्या एका मांजरीच्या नसबंदीचा खर्च उचला. संगमरवरी पाटीपेक्षा त्याचा उपयोग जास्त, असं माझं मत. तेही नसेल तर मार्चपासून कुंपणाजवळ सावलीत मातीचं पसरट भांडं पाण्याने भरून ठेवा. ते रोज घासायचं आणि पाणी रोज बदलायचं, नाही तर डास होतात.

वर्षातून एक दिवस हवा असेल तर मृत्यूची तारीखच घ्यायला हवी असं नाही. ८ ऑगस्ट हा जागतिक मांजर दिन आहे, पण आपल्याकडे त्याहून जवळचा दिवस आहे: पोळा. जनावरांचे उपकार मानायचा सण विदर्भात घरोघरी होतोच. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोट्टी लाकडी नंदी सजवून दारात येतात. त्या नंदीशेजारी एखाद्या लेकराने मातीची मांजर ठेवली, तिच्या गळ्यात जुनं घुंगरू बांधलं, तर कोणाची हरकत असणार? पुरणपोळीचा नैवेद्य मात्र नंदीलाच दाखवा. मांजर साय मागतं.

दुसरं आणायचं का, कधी

जवळची माणसं आठव्या दिवशी पिल्लू घेऊन दारात उभी राहतात. नको असेल तर स्पष्ट नाही म्हणा. हवं असेल तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. त्याच रंगाचं, त्याच डोळ्यांचं शोधू नका आणि तेच नाव तर मुळीच देऊ नका. ते पिल्लू बिचारं आयुष्यभर परीक्षेला बसतं.

जुनं मांजर पॅनल्युकोपेनियाने गेलं असेल तर घरात थेट लहान पिल्लू आणू नका. वर्षभर थांबा, किंवा लस पूर्ण झालेलं मोठं मांजर आणा. एरवी पिल्लाला आठ आठवड्यांचं झालं की पहिला डोस द्या, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत पुढचे डोस, आणि बाराव्या आठवड्याच्या सुमारास रेबीजची लस. घरात आधीचं मांजर असेल तर नव्याला पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि वाळू, वाट्या, टॉवेल सगळं वेगळं ठेवा. मग दाराच्या फटीतून वास, मग जाळीआडून दर्शन, मग एकत्र. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला अंगणातही सोडायचं नाही.